चालू पॅनवरची बातमी

जगातल्या प्रत्येक गोष्टीचा एक हंगाम असतो आणि तो कधी ना कधी संपतोच, यावर माझ्या आत्याच्या यजमानांचा जेवढा विश्वास होता, तेवढा मी कुणा टाळकऱ्याचाही देवावर पाहिलेला नाही. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, त्यामुळे मीही त्यांना जन्मभर मामाच म्हणत आले. श्रीगोंद्याजवळच्या एका साखर कारखान्यात मामांनी सगळी नोकरी काढली. आधी प्रयोगशाळेत आणि मग पॅनवर. पॅन म्हणजे घराएवढी बंद कढई. तिच्यात उसाचा पाक आटत जातो आणि एका नेमक्या घटकेला साखरेचा दाणा धरतो. ती घटका ओळखणं हे मामांचं काम. त्याखेरीज दुसरी कुठलीच घटका या माणसाला ओळखता आली नाही, असं आत्या म्हणायची. लग्नाचा मुहूर्त, जेवणाची वेळ, बायको रुसल्याची वेळ, सगळं त्यांच्या हातून हुकलं. दाणा तेवढा कधी हुकला नाही.

मामांच्या लेखी वर्षाचे दोनच भाग. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटला आणि गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली की हंगाम. उन्हाळ्याच्या तोंडाला पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की बिगरहंगाम. लग्नं, बारशी, पाव्हणेरावळे, आजारपणं, दातदुखी, भाऊबंदांची भांडणं, हे सगळं माणसांनी बिगरहंगामात उरकावं असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. "हंगामात आजारी पडनं म्हंजी निव्वळ कामचुकारपना," असं ते तापाने फणफणलेल्या माणसाच्या उशाशी बसून म्हणत. माझं लग्न ऐन गाळपात निघालं, तेव्हा माझ्या वडिलांशी ते महिनाभर बोलले नाहीत. लग्नाला मात्र आले. खाकी कपड्यांवर आले, अक्षता टाकल्या आणि तडक आचाऱ्याकडे गेले. त्यांच्या खिशात कायम एक वीतभर दुर्बीण असायची. तिच्या काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरली की त्यातली गोडी किती ते दिसतं. कारखान्यात ती उसाच्या रसासाठी असते. मामांनी तिच्यात आमच्या जिलबीचा पाक पाहिला. "मानूस बरा हाय, पन पाक घाईनं उतरवलाय," असा निकाल देऊन उभ्या उभ्या दोन जिलब्या खाल्ल्या आणि पाळीला निघून गेले. आचारी असा भडकला की माझे वडील पाठवणीच्या वेळीही मला सोडून त्याचीच समजूत घालत होते.

आणखी एक खोड. "चांगलं झालं" या शब्दांवर मामांचा काडीइतका विश्वास नव्हता. चांगलं म्हंजी किती, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. उसातून साखर किती निघाली त्याला कारखान्यात उतारा म्हणतात, आणि उताऱ्याला आकडा असतो. मामांच्या जगात सगळ्यालाच उतारा होता. कुणाचा मुलगा दहावी पास झाला की "उतारा किती?" कुणी पुढाऱ्याचं भाषण ऐकून आला की "दोन तास बोलला व्हय? आन् उतारा किती?" कुणी दवाखान्यातून बरा होऊन आला, तर "बरा म्हंजी किती बरा, आकडा सांग," असं विचारून त्याला पुन्हा आडवं करायची त्यांची तयारी. माझ्या थोरल्या मुलीच्या बारशाला त्यांनी पाळण्यात डोकावून तिचं वजन विचारलं, मान डोलावली आणि म्हणाले, "पहिल्या हंगामाच्या मानानं ठीक हाय." मी तेव्हा हसले होते. सासूबाई नव्हत्या हसल्या.

अशा माणसाला एकच मुलगा झाला, आणि तोही हंगामात झाला. हा माझा आतेभाऊ, आमचा दादा. दादा शिकला, अमेरिकेत गेला आणि चिप बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. चिप म्हणजे काय, हे आधी मामांना कळेना. मोबाईलच्या आत, कॉम्प्युटरच्या आत नखाएवढा एक तुकडा असतो आणि सगळी अक्कल त्यात असते, इथपर्यंत ठीक होतं. पण एका सुट्टीत दादा ओसरीवर बसून सांगू लागला, की मुळात वाळू असते, ती शुद्ध करून वितळवतात, त्यात बारीकसं बी सोडतात आणि त्याच्याभोवती एक मोठा स्फटिक धरत जातो. मामा ताठ बसले. "बी सोडत्यात? आन् दाना धरतो?" "हो आप्पा, तसंच काहीसं." "मंग एवढं लांबून सांगतोस काय? आपलंच काम की ह्ये!" त्या दिवसापासून मामांच्या दृष्टीने दादा अमेरिकेतल्या एका कारखान्यात पॅनवर होता. श्रीगोंद्यातल्या सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर, एसटीच्या स्टँडवर मामा लोकांना चिप समजावून सांगू लागले. ते ऐकून निघालेल्या कित्येकांचा असा समज झाला होता की मोबाईल जास्त तापला तर पाकासारखा चिकट होतो.

पुढे दादाच्या कंपनीने नवी पद्धत बसवायला घेतली. आधीपेक्षा बारीक रेघांची चिप, तेवढ्याच तुकड्यात जास्त अक्कल. दादा त्या नव्या पद्धतीवर होता. फोनवर म्हणाला, "आप्पा, हे एकदा चालू झालं की मोठी रजा घेऊन येतो. बहुतेक दिवाळीलाच." मामांनी कॅलेंडर उतरवलं आणि त्याच दिवशी शेजारच्या फडातून उसाची मोळी आणली. कारखान्यात नवी यंत्रं बसली की पहिला चाचणी हंगाम असतो, आणि त्याची मोळी पुजावी लागते. गव्हाण नव्हती, म्हणून मोळी टीव्हीच्या टेबलावर दादाच्या फोटोपुढे ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि गल्लीभर पेढे वाटले. "आज आमच्या चिपचा बॉयलर पेटला." एवढंच सांगत दारोदार फिरले. आत्या मागून कपाळावर हात मारत होती, पण तिने त्या दिवशी नवं लुगडं नेसलं होतं हेही मी पाहिलं.

तेव्हापासून श्रीगोंद्याच्या निम्म्या खरेद्या मामांनी अडवून धरल्या. कुणी नवा मोबाईल घेतो म्हणाला की मामा त्याचा दंड धरायचे. "थांब जरा. नव्या पद्धतीचा माल निगू दे. आत्ता घेतलास तर पस्तावशील." एका पतसंस्थेचे सचिव जुन्या कॉम्प्युटरला फडक्याने वारा घालत बसले, कारण मामा म्हणाले होते थांबा. शेजाऱ्यांच्या मुलीला इंजिनिअरिंगला लॅपटॉप हवा होता. तिच्या बापाने मामांचं ऐकून तिला इतकं थांबवलं की शेवटी ती रडून, भांडून, आईला पुढे घालून घेऊन आलीच. मामा तो लॅपटॉप बघायला गेले, वरून हात फिरवला आणि हळहळत म्हणाले, "कच्च्या उसाचा माल घेतला व्हय पोरी."

ती दिवाळी आली आणि गेली. दादा म्हणाला, जरा अडचण आलीय. एका मोठ्या चकतीवर पुष्कळशा चिप एकदम बनवतात. नव्या पद्धतीत त्यातल्या बऱ्याच खराब निघतायत. "म्हंजी उतारा पडंना," मामा म्हणाले. "हां आप्पा. उतारा पडेना." मामांचा चेहरा असा उजळला, की पोराने रजा रद्द केल्याचं सांगितलंय हे बघणाऱ्याला पटलं नसतं. पोराला कारखान्याची अडचण आली आणि ती बापाला कळली, यापेक्षा जास्त त्यांना आयुष्यात काही नको होतं. "किती? आकडा सांग." दादा म्हणाला, आकडा बाहेर सांगायला बंदी आहे. हे मामांना अतिशय पटलं. त्यानंतर दर रविवारी मामा इथून सल्ले देत. पाणी तपासा. रात्रपाळीचा माणूस बदलू नका. एकदा तर अगदी गंभीरपणे, "वाळू कुटली वापरता? आपल्या घोड नदीची वाळू लई नामी. सांगून बघ सायबाला." दादा गुणी. "सांगतो आप्पा," म्हणायचा. पुढची दिवाळी आली, तेव्हाही उतारा पडत नव्हता. "पहिला चाचनी हंगाम कुनाचा धड गेलाय?" मामा लोकांना सांगत. मग दुसरा चाचणी हंगामही तसाच गेला. दादाचं लग्न राहिलं होतं, तेही मामांच्या मते उतारा पडल्यावर बिगरहंगामात होणार होतं.

या सगळ्या थांबण्यात आमच्या आत्याचं काहीतरी निसटायला लागलं होतं. आधी आम्हाला ती गंमतच वाटली. मामा निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण दिवस कलला की आत्या डबा भरून त्यांच्या हातात द्यायला लागली. रात्रपाळीचा डबा. दोन-तीनदा मामांनी समजावलं, मी आता जात न्हाई गं कामावर. ती घाबरीघुबरी व्हायची, की साहेब बोलतील. मग मामांनी समजावणं सोडलं. डबा घेऊन ते फाटकातून बाहेर पडायचे, घराला वळसा घालून मागच्या कडुलिंबाखाली बसायचे, तिथे एकटेच जेवायचे आणि थोड्या वेळाने रिकामा डबा घेऊन पुढच्या दाराने "आलो गं" म्हणत आत यायचे. मी एका रविवारी त्यांना त्या झाडाखाली भाकरी मोडताना पाहिलं. मला बघून ते चपापले, आणि म्हणाले, "हितं वारा चांगला येतो."

नगरला डॉक्टरांकडे मीच दोघांना घेऊन गेले. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, आमच्या तोंडात अजून नगरच येतं. डॉक्टर तरुण होते, पण समजुतीने बोलले. हे विसरणं वाढत जाणार, माणसंही विसरतील, औषधाने फार तर वेग कमी होईल. मग मामांकडे बघून म्हणाले, "मुलगा बाहेर असतो ना? त्याला लवकर बोलावून घ्या. ओळख आहे तोवर भेट होऊ दे." परतीच्या एसटीत आत्या खिडकीशी बसून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. मी मामांना म्हटलं, आज रात्री मीच दादाला फोन करते. मामांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट त्यांनी कधी कुणाला धरलेलं मी पाहिलं नव्हतं.

"न्हाई," ते म्हणाले. "चालू पॅनवरच्या मानसाला घरची बातमी सांगायची नसती."

हा कारखान्याचा नियम. लिहिलेला नाही, पण तिथल्या प्रत्येकाला ठाऊक. फार पूर्वी एका पॅनमनला कुणीतरी धावत येऊन सांगितलं की तुझा बाप गेला. तो तसाच पळत सुटला. पॅनकडे बघायला कुणी उरलं नाही, आणि आतला सगळा पाक एकजीव दगड होऊन बसला. तो फोडून काढायला हंगाम अर्धा मोडला. तेव्हापासून ठरलं, पॅन उतरेपर्यंत माणसाला काही सांगायचं नाही. बाप गेला तरी नाही आणि पोरगा झाला तरी नाही. हे दुसरं मामांच्या बाबतीतच घडलं. आत्याच्या पोटात दुखायला लागलं त्याच दुपारी कारखान्याचा बोलावणारा फाटकात उभा राहिला. हा बोलावणारा म्हणजे आत्याच्या संसारातलं तिसरं माणूस. पॅनवर काही बिघडलं की सायकल मारत यायचा, आणि सण असो, पाव्हणे असोत, मामा निघायचे. आत्या त्याला पायरीवर बसवून चहा द्यायची, मामांच्या हातात डबा द्यायची. तिने त्याला कधीही परत पाठवला नाही. त्या दुपारी कळा देत देत तिने डबा भरला. दादा जन्मला, निरोप कारखान्यात पोचला आणि पॅन उतरेपर्यंत साहेबांच्या टेबलावर पडून राहिला. मामा घरी आले तेव्हा पेढेसुद्धा वाटून संपले होते. आत्या हे सगळं हसून सांगायची. पण सांगायची प्रत्येक वेळी.

"मला तवा कुनी सांगितलं न्हाई," मामा एसटीत म्हणाले, "आन् त्यांचं बरुबर हुतं. त्याचा उतारा पडू दे. मग सांगू." मला त्यांचा संताप आला. गाडीभर लोक होते म्हणून गप्प बसले. पण डोळ्यांत पाणी आलं ते संतापाचं होतं की कसलं, ते मला अजून सांगता येणार नाही.

मग सुरू झालं ते नाटक, आणि त्यात मीही होते. रविवारी सकाळी आमचा चहा चालू असताना दादाच्या तिकडे संध्याकाळ असायची. मामा आत्याला वेणीफणी करवून फोनपुढे बसवायचे. मी फोनला दिसणार नाही अशी बाजूला बसून आत्याच्या कानात सांगायची, "बाळा, जेवलास का, म्हण." आत्या म्हणायची, "बाळा, जेवलास का." दादा खूश. कधी कधी तिला खरंच ओळख पटायची आणि ती एकटीच इतकं गोड बोलायची की मामा माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे, बघ, म्हटलं नव्हतं. पण कधी ती पडद्याकडे टक लावून बघायची आणि विचारायची, "कोन हाय ह्यो?" की मामा झडप घालून फोनच्या काचेवर अंगठा ठेवायचे आणि ओरडायचे, "नेट गेलं! नेट गेलं रे!" प्रयोगशाळेत ज्या माणसाने साहेबांच्या सांगण्यावरूनही कधी एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, तो माणूस नेटबद्दल असा धडधडीत खोटं बोलायचा.

दादाला बिचाऱ्याला खरं वाटलं. "आप्पा, तुमचं नेट फारच खराब झालंय," म्हणाला, आणि तिकडे बसून त्याने इकडे नवीन फायबरचं कनेक्शन मागवलं. वायरमन शिडी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मामांनी त्याला परत घालवायचा फार प्रयत्न केला. आमचं नेट चांगलं हाय, आमाला नेट लागत न्हाई, आमच्या घरावर माकडं हायत. पोरगा इमानी निघाला, वायर ओढून गेला. त्या दिवसापासून मामांच्या घरी तालुक्यातलं सगळ्यात चांगलं नेट होतं, आणि त्यासारखी आपत्ती त्या घरावर दुसरी आली नव्हती. पुढच्या रविवारपासून लाईट जाऊ लागली. दादा म्हणाला, इन्व्हर्टर पाठवतो.

एका रविवारी दादाचा चेहरा फारच उतरलेला होता. मामांनी काही विचारायच्या आत म्हणाला, "आप्पा, परत पुढे गेलं. नव्या पद्धतीचा माल या वर्षी निघत नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणतात." मामा थोडा वेळ हनुवटी चोळत राहिले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "असूं दे. उतारा नसला तरी पट्टा तर पडंल का न्हाई? तुमचा पट्टा कदी पडतो? कारखाना बंद असताना यून जा की महिनाभर."

"आप्पा, आमच्याकडे पट्टा पडत नाही."

"म्हंजी?"

"आमचा कारखाना बंद होतच नाही. वर्षभर, दिवसरात्र. एक मिनिट बंद पडला तरी आतला सगळा माल वाया जातो."

"आन् बॉयलर थंड कदी करता?"

"कधीच नाही, आप्पा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हा माणूस धरून चालला होता की दादाच्या कारखान्यालाही दसरा आहे आणि उन्हाळा आहे, आणि एक दिवस सगळं आपोआप थांबेल आणि पोरगा टॉवेल खांद्यावर टाकून घरी येईल. त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि दादाला कधी वाटलं नव्हतं की हे सांगायला हवं. मी एरवी मामांची पुष्कळ थट्टा केली, पण त्या वेळी मला हसू आलं नाही. त्यांचं एकदम वय दिसलं.

तेवढ्यात शेजारी बसलेली आत्या पुढे वाकली, पडद्यावरच्या दादाकडे बघितलं आणि हळूच मामांना म्हणाली, "आवो, पावनं कवाचं बसल्यात. च्याचं इचारा की."

मी मामांच्या अंगठ्याकडे बघत होते. तो काचेवर गेला नाही. नेट लख्ख चालू होतं.

"बाळा," मामा म्हणाले, "तू पॅनवर हायेस. मला म्हाईत हाय. तरी सांगतो. तुजी आई तुला इसरायला लागलीय." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, नेट कसं जात होतं, लाईट कशी जात होती. कडुलिंबाखालच्या डब्याचंही सांगितलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण उगाचच उकळत ठेवलं. मला तिथे बसवलं नाही. बाहेरून दादाचा आवाज ऐकू आला तो एवढाच, "आप्पा, कधीपासून?" मामांनी त्याला आकडा सांगितला नाही.

दादा आठवड्याभरात आला. तिकडे काय बोलला, कुणाचं पॅन कुणावर सोपवून आला, ते त्याने सांगितलं नाही आणि मामांनीही विचारलं नाही. पुण्याहून गाडी करून तो भर दुपारी फाटकात उतरला. गाळपाचे दिवस होते, हवेला मळीचा वास होता, रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. मी आणि मामा आतच, दारासमोर बसलो होतो. आत्या दारात उभी होती. तिने फाटकातल्या माणसाकडे पाहिलं. खांद्याला पिशवी, अंगात मळकट जाकीट, चेहरा जागरणाने ओढलेला. ती झटकन मामांच्या पुढे येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले.

"न्हाई पाठवनार," ती म्हणाली. "आज न्हाई पाठवनार मी ह्यांना. सांग जा तुज्या सायबाला."

दादा फाटकात तसाच उभा राहिला. तिला वाटलं होतं कारखान्याचा बोलावणारा आलाय. साऱ्या आयुष्यात जे तिने एकदाही म्हटलं नव्हतं, ते ती तेव्हा म्हणाली. "माजा पोरगा यायचाय," ती म्हणाली. "त्येच्या येळंला बी तुमी ह्यांना नेलं. आता न्हाई."

दादाने मामांकडे पाहिलं. मामा उठले. आत्याच्या मागे उभं राहून त्यांनी आपल्या मुलाला सांगितलं, "आज मी येत न्हाई म्हनावं. पॅन दुसऱ्याला बघू द्या."

"बरं," दादा म्हणाला. "सांगतो."

आत्याचे हात चौकटीवरून खाली आले. तिने मान वळवून मामांकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे बघायला लागले. मग तिला तिची रीत आठवली. आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं? तिने दादाला पायरीवर बसवलं, आतून चहा आणला आणि बशी त्याच्या हातात दिली. तो पीत असताना तिने विचारलं, "घरी कोन असतं तुमाला?"

"आई हाय," दादा म्हणाला. कितीतरी वर्षांनी मी त्याच्या तोंडून ते 'हाय' ऐकलं.

"मंग जायचं तिला बघायला," आत्या म्हणाली. "हंगामाचं काय, त्यो चालतच ऱ्हातो."

दादा महिनाभर राहिला. आत्याला तो कोण ते काही शेवटपर्यंत उमगलं नाही. पण मामांना न्यायला न येणारा हा कारखान्याचा माणूस तिला आवडू लागला. त्याला ती रोज आपल्या मुलाच्या गोष्टी सांगायची, तो अभ्यासात किती हुशार आहे, तो कसा लांब असतो, आणि तो पट्टा पडला की येणार आहे. दादा ऐकायचा. कधी उठून मागच्या कडुलिंबाखाली जाऊन बसायचा. मग तो परत गेला.

डबा अजून निघतो. मामा आता तो कडुलिंबाखाली नेत नाहीत, ओसरीवरच उघडतात आणि दोघं त्यातलं खातात. आज कामावर गेला नाहीत का, असं आत्या विचारते. न्हाई गेलो, ते म्हणतात. ती खूश होते. रोज नव्याने होते.

मध्ये एका रविवारी मी तिथे असतानाच दादाचा फोन आला. आवाजात आनंद होता आणि तो लपवायचा प्रयत्नही होता. "आप्पा, नवी पद्धत चालू झाली. उतारा पडला आपला." आत्या पलीकडे उन्हात बसून मामांच्या जुन्या खाकी सदऱ्याला बटण लावत होती. मामांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मी वाट बघत होते, आता ते विचारतील.

"बरं झालं बाळा," मामा म्हणाले, आणि आकडा विचारला नाही.